चांदीच्या तारेवरून जाणारा प्रकाश आणि चाकणची वाट

पिंपरी हे नाव मोटारी, स्कूटर आणि कामगारांच्या पाळ्या यांच्याशी इतके एकरूप झाले आहे की, हेच नाव जगाच्या जीवशास्त्रीय वाङ्मयातही कायमचे नोंदले गेले आहे, याचे स्मरण फार थोड्यांना असेल. 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना' हे मातीतील एका सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव. जागतिक आरोग्य संघटना आणि 'युनिसेफ' यांच्या साहाय्याने 1954 मध्ये पिंपरीस 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या कारखान्याच्या संशोधन विभागात कवकशास्त्रज्ञ डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी केवळ परदेशातून आलेली कृती गिरवीत बसले नाहीत. त्यांनी मातीचे नमुने तपासले आणि बुरशीजन्य रोगांवरील 'हॅमायसिन' हे औषध शोधून काढले. ज्या जिवाणूपासून ते मिळाले, त्याला त्यांनी पिंपरीचेच नाव दिले. कारखान्याच्या आवारात मूलभूत संशोधन होऊ शकते, याचा हा दाखला आपल्या घराजवळचा आहे.

आज हे आठवण्याचे कारण निराळे आहे. त्याच पिंपरीपासून फार लांब नसलेल्या पाषाण येथे 'आयसर' ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था 2006 पासून उभी आहे. तेथील डॉ. जी. व्ही. पवन कुमार यांच्या प्रयोगशाळेत गेली अनेक वर्षे एका विलक्षण विषयावर काम चालू आहे. केसाहून शेकडो पटींनी बारीक अशा चांदीच्या तारेवरून प्रकाश वाहून न्यावयाचा आणि तारेच्या टोकाशी असलेल्या मूठभर रेणूंची ओळख पटवावयाची, असा हा विषय. या गटाने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, शेजारी शेजारी आलेल्या अशा दोन तारांच्या जोडीवरून दुहेरी मार्गाने प्रकाश नेऊन, तो जेथे सोडला तेथून दूर असलेल्या रेणूंची खूण टिपून दाखविली आहे. ज्या शास्त्रीय तत्त्वावर हे सारे उभे आहे ते तर शंभर टक्के भारतीय. पाषाणची प्रयोगशाळा आणि चाकणचा कारखाना यांच्यात अंतर मैलांत मोजले तर फार नाही. दुसऱ्या एका मापाने ते फार मोठे आहे, आणि हा लेख त्या दुसऱ्या अंतराविषयी आहे.

प्रथम तत्त्व समजून घेऊ. 28 फेब्रुवारी 1928 रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांच्या प्रयोगांतून जो परिणाम निश्चित झाला, तो शाळेतील मुलांनाही 'रामन परिणाम' या नावाने ठाऊक असतो. 1987 पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. परंतु या परिणामाचा अर्थ काय, असे विचारले तर बहुतेकांची गाडी 'समुद्र निळा का दिसतो' येथेच थांबते. खरी गोष्ट अशी की, एखाद्या द्रवावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला तर इतस्ततः विखुरणारा जवळजवळ सर्व प्रकाश त्याच रंगाचा असतो. त्यातील अगदी अल्प अंश मात्र रंग बदलून बाहेर पडतो. रेणूतील अणू स्थिर नसतात. ते एकमेकांशी स्प्रिंगने बांधल्याप्रमाणे सतत कंप पावत असतात. प्रकाशकण रेणूवर आपटताना आपल्या ऊर्जेतील थोडा भाग या कंपनाला देऊन जातो किंवा क्वचित त्याच्याकडून घेऊन जातो. किती दिला, यावरून कोणते कंपन होते ते कळते. आणि कंपनांचा संच प्रत्येक रेणूचा वेगळा असल्यामुळे बाहेर पडलेल्या प्रकाशाचा वर्णपट म्हणजे त्या रेणूच्या अंगठ्याचा ठसाच होय.

पेनिसिलिनचेच उदाहरण घ्या. त्याच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. औषधाचा सारा गुण त्या कड्यात. काही जिवाणू असे विकर तयार करतात की, ते हे कडे फोडते आणि औषध निकामी होते. कड्यातील कार्बन-ऑक्सिजन बंधाच्या कंपनाची रेषा वर्णपटात एका ठराविक जागी येते. कडे फुटले की ती रेषा मावळते. बाटली तीच, रंग तोच, वास तोच, परंतु औषध मेलेले आहे, हे प्रकाश सांगतो. नमुना विरघळवावा लागत नाही, जाळावा लागत नाही, पुष्कळदा बाटलीचे झाकणही उघडावे लागत नाही. काचेतून पाहिले तरी चालते.

इतके सोपे असेल तर ही पद्धत कारखान्याकारखान्यांत का नाही? कारण हा रंग बदललेला प्रकाश अत्यंत क्षीण असतो. ढोबळ मानाने कोटी प्रकाशकण विखुरले तर त्यांतील एखादाच रंग बदलतो. भांडेभर पदार्थ असेल तर हे चालून जाते. रेणू असंख्य असल्यामुळे कोटीत एक या हिशेबानेही पुरेसा प्रकाश मिळतो. मात्र पाण्यात अत्यल्प प्रमाणात मिसळलेले विष शोधावयाचे असेल किंवा एका पेशीच्या आत काय चालले आहे ते पाहावयाचे असेल तर ही कुजबुज ऐकू येत नाही.

यावर उपाय सापडला तोही जवळजवळ अपघाताने. 1974 मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन हे तिघे चांदीच्या इलेक्ट्रोडवर चिकटलेल्या पिरिडिन या पदार्थाचा रामन वर्णपट घेत होते. इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग त्यांनी खडबडीत केला होता, तो अधिक रेणू चिकटावेत म्हणून. प्रकाश मिळाला तो या जादा रेणूंच्या हिशेबात न बसणारा, कितीतरी अधिक. 1977 मध्ये दोन निरनिराळ्या गटांनी दाखवून दिले की, येथे रेणूंची संख्या वाढल्याने काही होत नसून चांदीच स्वतः काही करीत आहे. चांदी काय करते? तिच्यातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र हिंदकळू लागतात, आणि उंचवट्यांच्या टोकांशी व फटींमध्ये विद्युत्क्षेत्र प्रचंड वाढते. क्षेत्र दहापट वाढले तर रामन प्रकाश सुमारे दहा हजारपट वाढतो, कारण वाढ येतानाही होते आणि जातानाही. 1997 मध्ये याच मार्गाने एकेका रेणूचा ठसा घेतल्याचे वृत्त दोन गटांकडून प्रसिद्ध झाले. रामन यांच्या कुजबुजीला चांदीने ध्वनिक्षेपक जोडला, असे म्हणता येईल.

तरीही एक अडचण उरलीच. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाने प्रकाश कितीही एकवटला तरी त्याचा ठिपका त्याच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून लहान होत नाही. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्येच हे सांगून ठेवले आहे. हिरव्या प्रकाशासाठी ही मर्यादा अडीचशे नॅनोमीटरच्या आसपास येते. मानवी केसाची जाडी पाऊण लाख नॅनोमीटरच्या घरात असते, म्हणजे ठिपका पुरेसा बारीक आहे असे वाटेल. पण रेणू एखाद-दुसऱ्या नॅनोमीटरचा असतो. शिवाय त्या ठिपक्यात लेसरचा सारा झोत नमुन्यावर थेट पडतो. नाजूक पेशी भाजून निघते, आणि ज्या भागाशी आपल्याला कर्तव्य नाही तोही चमकून खऱ्या खुणेवर पडदा टाकतो.

येथे चांदीची तार उपयोगी पडते. तिची जाडी शंभर नॅनोमीटरच्या आसपास, लांबी काही मायक्रोमीटर. तारेच्या एका टोकावर लेसर टाकला की त्यातील काही प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या लाटेचे रूप घेतो, तारेच्या पृष्ठभागावरून धावतो आणि दुसऱ्या टोकाशी पुन्हा प्रकाश होऊन उजळतो. मधली तार काळोखीच राहते. तारेच्या मध्यावर कितीही लेसर पाडला तरी गुळगुळीत पृष्ठभागातून प्रकाश आत शिरू शकत नाही, कारण बाहेरच्या प्रकाशाचा आणि तारेवरच्या लाटेचा संवेग जुळत नाही. टोक, सांधा किंवा शेजारी चिकटलेला एखादा धातुकण असेल तेथेच प्रवेश मिळतो. किवळ्याहून कळंबोलीकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर वाटेतल्या शेतातून कोणालाही गाडी चढविता येत नाही, ठरलेल्या ठिकाणीच चढता-उतरता येते. तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, या मार्गावर दर टप्प्यात प्रवाशांची संख्या घटत जाते. चांदी प्रकाशाचा काही भाग उष्णतेत घालविते, आणि दहा-वीस मायक्रोमीटरांनंतर फारसे काही उरत नाही. परंतु एका पेशीचा व्यासही तेवढाच असतो. म्हणजे लेसर पेशीच्या बाहेर, ठसा पेशीच्या आतून, आणि मध्ये ही तार. बेल्जियममधील लूव्हां येथील शास्त्रज्ञांनी अशी तार जिवंत पेशीत घालून आतील रामन वर्णपट घेतल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. पाषाणचा दुहेरी मार्गाचा निबंध त्याच्या आदल्या वर्षीचा आहे, हे आपण विसरू नये. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील गटाने निमुळत्या काचतंतूला टोकदार चांदीची तार जोडून, तंतूतील सुमारे निम्मा प्रकाश तारेच्या टोकाशी एकवटून दाखविला. मग भिंगाची गरजच राहिली नाही, आणि कार्बनच्या नळ्यांचे चित्र एका नॅनोमीटरच्या आसपासच्या बारकाईने मिळाले. आबे यांचा नियम खोटा ठरला असे मात्र नव्हे. नियम मोकळ्या अवकाशात धावणाऱ्या प्रकाशाचा आहे. तारेला बिलगून जाणारा प्रकाश त्या नियमाच्या कक्षेतच येत नाही.

आता ही तार बनते कशी ते पाहिले म्हणजे आपल्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकाला थोडे आश्चर्य वाटेल. ती ओढून काढीत नाहीत, वाढवितात. एथिलिन ग्लायकॉल तापवावयाचे, सुमारे 160 अंश सेल्सिअसपर्यंत. त्यात सिल्व्हर नायट्रेट आणि पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हे बहुवारिक हळूहळू सोडावयाचे. ग्लायकॉल स्वतःच चांदीचे क्षार मोडून धातू मोकळा करते. प्रथम पाच अंगांची बारीक बीजे तयार होतात. बहुवारिक बीजाच्या बाजूंना चिकटून बसते आणि त्यांना वाढू देत नाही; मग चांदीला टोकाकडेच वाढण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. तास-दोन तासांत पंचकोनी छेदाच्या लक्षावधी तारा तयार. ही कृती 2002 च्या सुमारास अमेरिकेत युनान शिया यांच्या प्रयोगशाळेत रूढ झाली. यातील एथिलिन ग्लायकॉल म्हणजे चाकण-भोसरीच्या प्रत्येक मोटार-कारखान्यात पिंपांनी येणारे, इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातील मुख्य रसायन. पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हे औषधी गोळी घट्ट बांधून ठेवण्यासाठी वापरतात. जगाला चकित करणाऱ्या तारेचे दोन्ही घटक पिंपरी-चिंचवडच्या गुदामांत आजही पडून असतील! किंमत चांदीची; तीही चिमूटभर. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने तर 2004 मध्ये गवती चहाच्या अर्कापासून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण तयार करून दाखविले होते. म्हणजे अशा सामग्रीसाठी परदेशाकडे हात पसरण्याचे आपल्याला काही कारण नाही.

एथिलिन ग्लायकॉलचे नाव निघाले की त्याच्या भावंडाचे नाव घेणे भाग आहे, आणि ते घेताना मन जड होते. 1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने त्या प्रकरणात औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साऱ्या साखळीची लक्तरे वेशीवर टांगली. त्यानंतर तरी हा अध्याय संपावयास हवा होता. तो संपला नाही. 2022 मध्ये आफ्रिकेतील गांबियात भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला; 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात अशाच खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचे प्राण घेतले. ग्लिसरॉल आणि डायएथिलिन ग्लायकॉल दोन्ही रंगहीन, दोन्ही दाट, दोन्ही गोडसर. जीभ फसते, डोळा फसतो. रामन वर्णपट फसत नाही. दोन्हींच्या रेषा निराळ्या असतात, आणि हातात मावणारे यंत्र पिंपावर टेकविले तर उत्तर काही सेकंदांत मिळते.

मात्र याच ठिकाणी अतिउत्साहाला आवर घातला पाहिजे. अशा पिंपासाठी चांदीची तार लागत नाही. साधे रामन यंत्र पुरे. किंबहुना येथे तारेचा फारसा उपयोगही होणार नाही. चांदीला गंधक आणि नायट्रोजन असलेल्या रेणूंची ओढ असते. ग्लायकॉलसारखे रेणू तिला धड चिकटत नाहीत, आणि न चिकटणाऱ्या रेणूला ती आवाज देऊ शकत नाही. पिंपात अर्धे विष असेल तर साधे यंत्र ते ताबडतोब पकडेल. पण औषधसंहितेने घालून दिलेली मर्यादा हजारात एक भाग इतकी कडक आहे, आणि तेथपर्यंत खात्रीने जाण्यासाठी अजूनही प्रयोगशाळेतील वायुवर्णलेखनाचाच आधार घ्यावा लागतो. एखादे नवे शास्त्र आले की त्याने सर्व रोग बरे होतील अशी द्वाही फिरविणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. त्यांनी शास्त्राचे जेवढे नुकसान केले तेवढे शत्रूंनीही केले नसेल.

तारेचे खरे क्षेत्र वेगळे आहे. पवना पिंपरी-चिंचवडच्या मधून वाहते, इंद्रायणी शहराच्या उत्तर अंगाने देहू-आळंदीकडे जाते. आळंदीस इंद्रायणीच्या पात्रात तरंगणारा पांढरा फेस अलीकडच्या वर्षांत वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. फेस निदान दिसतो तरी. औषध कारखाने, रुग्णालये आणि घराघरांची सांडपाणी यांतून नदीत जाणारे प्रतिजैविकांचे अंश दिसत नाहीत. ते अब्जात काही भाग इतक्या प्रमाणात असतात. परंतु तेवढ्यानेही नदीतील जिवाणूंना औषध पचविण्याची सवय लागते, आणि उद्या तेच जिवाणू रुग्णाच्या शरीरात पेनिसिलिनला हसतात. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने जानेवारी 2020 मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा प्रसिद्ध केला होता. ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा त्या मर्यादा तीतून गळाल्या होत्या. उद्योगांचा विरोध हे एक कारण असेलही. परंतु जे रोज, स्वस्तात आणि जागच्या जागी मोजता येत नाही त्याला मर्यादा घालूनही उपयोग काय, हा प्रश्न प्रामाणिक माणसालाही पडतो. आज असे मापन करावयाचे तर नमुना गोळा करून, थंड ठेवून, मोठ्या प्रयोगशाळेतील वस्तुमान-वर्णपटमापकाकडे पाठवावा लागतो. पेनिसिलिनच्या रेणूत गंधकही आहे आणि नायट्रोजनही. चांदीला हवा तसा हा पाहुणा आहे. नाल्याच्या तोंडाशी बसविता येईल असे, चांदीच्या कणांवर किंवा तारांवर आधारलेले मापनयंत्र हे स्वप्न म्हणूनच वेडेपणाचे नाही.

ते अजून स्वप्न आहे, यात मात्र शंका नको. पहिली अडचण अशी की, प्रचंड वाढ होते ती तारेच्या टोकाशी किंवा दोन तारांमधील नॅनोमीटरच्या फटीत. रेणू त्या फटीत सापडला तर ठीक. दोन पावले बाजूला राहिला तर चांदी असून नसल्यासारखी. एकाच नमुन्याचे दोन वेळा मापन केले तर दोन आकडे येतात, आणि न्यायालयात उभा राहील असा आकडा मिळाल्याशिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाला यंत्राचा उपयोग नाही. पाषाणसारख्या प्रयोगशाळांत तारांच्या जोड्यांचा अभ्यास होतो तो याचसाठी: फट कोठे असेल हे नशिबावर न सोडता आपण ठरवावे म्हणून. दुसरी अडचण नदीच्या पाण्याचीच. त्यात साबण आहे, शेवाळ आहे, माती आहे. चांदीच्या फटीत प्रतिजैविकाच्या आधी हेच पाहुणे जाऊन बसतात. तिसरी अडचण प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. चांदीची भांडी काळी पडतात. हवेतील गंधकयुक्त वायूंनी हे घडते, आणि शंभर नॅनोमीटरच्या तारेला काळे पडण्यास भांड्याइतका वेळ लागत नाही. चिंचेने घासून ती लख्खही करता येत नाही. सोन्याची तार टिकते, पण दृश्य प्रकाशात ती चांदीइतकी चांगली वाहक नाही. वर पातळ संरक्षक थर द्यावा तर थराच्या जाडीइतका रेणू तारेपासून दूर जातो, आणि येथे एकेका नॅनोमीटरचे मोल आहे.

अशा अडचणी सोडविणे हे प्राध्यापकांचे काम तितकेच कारागिरांचेही काम आहे. थर किती जाडीचा द्यावा, तो हजार वेळा सारखाच कसा द्यावा, धूळ व कंपन यांपासून यंत्र कसे जपावे, नमुना धरणारा साचा मायक्रोमीटरच्या अचूकतेने कसा कापावा, हे प्रश्न ज्यांच्या हातांना सुटतात ते हात भोसरी, तळवडे आणि चाकणच्या लघुउद्योगांत आहेत. जर्मन मोटारींचे सुटे भाग येथे मायक्रोमीटरच्या हिशेबात कापले जातात. मग रामन सूक्ष्मदर्शकाचा नमुना-मंच येथे का कापला जाऊ नये? आपल्या प्रयोगशाळांतील बहुतेक उत्तम रामन सूक्ष्मदर्शके आजही ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, जपान येथून येतात. परिणाम शोधला कलकत्त्याने, नाव पडले भारतीयाचे, आणि यंत्र विकत घेतो आपण परकीय चलनाने! 2007 मध्ये केंद्र सरकारने 'नॅनो मिशन'साठी पाच वर्षांकरिता एक हजार कोटी रुपये मंजूर केले. त्या पैशाने देशात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, निबंधांची संख्या वाढली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु प्रयोगशाळेतील यंत्रे परदेशी आणि निबंधही परदेशी नियतकालिकांत, अशा स्थितीत मधल्या मधे देशाच्या कारखानदारीच्या हाती काय लागले, याचा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा.

कारखानदार म्हणतील की आमचा व्यवसाय मोटारींचा. आम्हाला रेणूंशी काय कर्तव्य? हा युक्तिवाद दहा वर्षांपूर्वी चालला असता. आज चाकणच्या पट्ट्यात विजेवर चालणाऱ्या गाड्या बनत आहेत. त्यांच्या विद्युत्घटातील ग्रॅफाइट किती शुद्ध, किती वापरले गेले, त्याच्या पृष्ठभागावर कोणता थर चढला, हे जाणून घेण्याचे एक मुख्य साधन रामन वर्णपट हेच आहे. कार्बन हा रामन परिणामाला अत्यंत स्पष्ट उत्तर देणारा पदार्थ आहे. तो थर नॅनोमीटरांत मोजण्याइतका पातळ असतो, आणि तेथे पुन्हा चांदीच्या टोकाचीच आठवण होते. औषधापुरता असलेला प्रश्न असा मोटारीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

शिक्षकांपैकी काही जण हे वाचीत असतील. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, विज्ञान दिनाला रामन यांच्या तसबिरीस हार घालून झाल्यावर एक प्रयोग करावा. हिरव्या रंगाचा लहान लेसर, पेटीत ठेवलेली रॉकेलची किंवा मद्यार्काची काचेची कुपी, मूळ हिरवा रंग अडविणारा गाळणी-काचेचा तुकडा आणि अंधारी खोली. डोळे लेसरच्या सरळ रेषेत येऊ देऊ नयेत, हे कटाक्षाने पाहावे. गाळणी चांगली असेल तर झोताच्या बाजूने पाहताना त्याची मंद, रंग बदललेली रेघ दिसू शकते; कॅमेऱ्याने जरा वेळ उघडून टिपली तर अधिक चांगली. रामन यांनी आरंभी सूर्यप्रकाश आणि रंगीत गाळण्या घेऊन, केवळ डोळ्यांनीच ही रेघ पाहिली होती.

राहता राहिला प्रश्न पिंपरीच्या त्या जुन्या कारखान्याचा. परदेशी, विशेषतः चिनी स्वस्त मालापुढे आणि आपल्याच धोरणांच्या धरसोडीपुढे त्याची प्रकृती ढासळत गेली. डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकून देणी भागविण्याचा आणि पुढे कारखान्याचीच विक्री करण्याचा निर्णय घेतला. ज्या पेनिसिलिनने तो सुरू झाला त्याचा कच्चा माल देशाने पुढे कित्येक वर्षे मुख्यतः चीनमधून आणला, आणि 2020 च्या महासाथीत पुरवठा खोळंबण्याची भीती निर्माण झाल्यावर तो पुन्हा देशात बनविण्यासाठी प्रोत्साहन योजना आखावी लागली. जमिनीला भाव येतो, संशोधन विभागाला येत नाही. मातीचे नमुने तपासून जिवाणूला गावाचे नाव देणारी मंडळी तेथे ज्या जोमाने काम करीत होती, तसे काम करण्यासाठी आज औद्योगिक विकास महामंडळाच्या एखाद्या भूखंडावर सामाईक मापनशाळा उभारणे अशक्य नाही. एक रामन सूक्ष्मदर्शक, चांदीच्या तारा वाढविण्याचे एक टेबल, पाषाणहून आठवड्यातून दोन दिवस येणारा एक संशोधक, आणि तंत्रनिकेतनातील चार-सहा विद्यार्थी. पहिले काम पवनेच्या आणि इंद्रायणीच्या पाण्याचे नमुने ठरलेल्या घाटांवरून दर महिन्याला घेण्याचे. दुसरे, परिसरातील औषधनिर्मात्यांकडे येणाऱ्या ग्लिसरॉलच्या प्रत्येक पिंपावर साधे रामन यंत्र टेकविण्याचे. पहिल्याचे आकडे सुरुवातीला बेभरवशाचे येतील. दुसऱ्याचे उत्तर पहिल्या दिवसापासूनच खरे येईल.